कडीस कडी

प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरांत एक खण असा असतो कीं, त्यांत काय आहे हें घरांतील कोणासहि नीटसें सांगतां येत नाहीं. दिवाळीच्या आधीं आमच्या घरीं असाच एक खण रिकामा करण्याचा प्रसंग आला, आणि त्यांतून सुतळीचे तुकडे, निरुपयोगी किल्ल्या व ओल्या आगपेट्या यांच्याबरोबर अर्धवट जळालेली एक मेणबत्ती निघाली. केव्हां तरी रात्रीं वीज गेली असतां ती लावली असावी, आणि मागाहून खण मेणकट होऊं नये म्हणून कोणीं तरी ती एका पातळ पिशवींत गुंडाळून ठेविली असावी. इयत्ता नववींत असलेल्या आमच्या भाचीनें ती मेणबत्ती हातांत घेतली, तोंच तिचे दोन तुकडे झाले. पिशवी मात्र तिनें दोन्ही हातांनीं ओढली तरी ती लांबतच गेली, तुटेना. भाची म्हणाली, "मामा, हाताला दोन्ही सारख्याच मेणचट लागतात; मग एक चटकन् मोडते आणि दुसरी ताणते, असें कां?"

प्रश्न सोपा दिसतो. पण ज्या तत्त्वांत त्याचें उत्तर आहे, त्यावरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांतील नामांकित रसायनशास्त्रज्ञांत दहा-बारा वर्षें वाद माजला होता, हें त्या मुलीस ठाऊक नव्हतें. तिला आम्हीं जें उत्तर दिलें, तेंच कांहींशा विस्तारानें वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

प्रथम नातें सांगतों. मेणबत्तीचें मेण आणि पिशवीचें पॉलिथिन या सख्ख्या बहिणी होत. दोहोंच्याहि रेणूंत कार्बनच्या अणूंची सांखळी असते, आणि त्या सांखळीच्या बहुतेक प्रत्येक कडीस हायड्रोजनचे दोन-दोन अणु चिकटलेले असतात. तिसरें मूलद्रव्य औषधालाहि नाहीं. भेद एवढाच कीं, मेणाच्या एका रेणूंत अशा सुमारें २० ते ४० कड्या असतात, आणि पॉलिथिनच्या एका रेणूंत कित्येक हजार. हीच सांखळी आणखी आखूड केली तर काय होतें, हें पाहण्यासाठीं प्रयोगशाळेंत जावयास नको. शेगडीच्या सिलिंडरांत जो गॅस असतो, त्याच्या रेणूंत कार्बनचे अणु तीन किंवा चार. पेट्रोलच्या रेणूंत ते साधारणतः पांचापासून बारापर्यंत, म्हणून बाटलीचें बूच काढतांच तें उडूं लागतें. रॉकेलमध्यें ते दहापासून सोळापर्यंत. तें उडतें, पण सावकाश. त्यापुढें मेण, आणि अगदीं शेवटीं पिशवी. वायु, पातळ द्रव, जड द्रव, ठिसूळ घन आणि चिवट घन, अशीं हीं रूपें निरनिराळीं दिसलीं तरी कूळ एक आहे. केवळ लांबीनें हा सारा पालट घडविला आहे.

लांबीच्या अंगीं एवढें सामर्थ्य कोठून आलें? शेवया करणाऱ्या गृहिणीस हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. हातभर लांब शेवयांचा पुंजका ताटांत असला आणि त्यांतील एक शेवई ओढूं गेलें, तर तिच्याबरोबर अर्धा पुंजका उठतो. त्याच शेवया बोटानें कुस्करल्या, तर चिमटींत येतील तेवढ्याच वर येतात. लांब रेणु असेच एकमेकांत गुंतून पडतात. शिवाय शेजारशेजारच्या रेणूंस परस्परांचें थोडेंसें आकर्षण असतें. एका कडीपुरतें पाहिलें तर तें अगदीं क्षुल्लक. परंतु हजारों कड्यांचें मिळून तें इतकें वाढतें कीं, रेणु सोडविण्यापेक्षां तोडणें सोपें व्हावें. मेणाचे रेणु आखूड पडले, म्हणून एकमेकांवरून निसटतात आणि मेणबत्ती मोडते. पिशवीचे रेणु गुंतलेले, म्हणून पिशवी ताणते.

शास्त्रीय परिभाषेंत ज्या लहान रेणूपासून कडी बनते त्यास एकवारिक म्हणतात, आणि अशा असंख्य कड्यांच्या सांखळीस बहुवारिक. हे शब्द आज शाळेच्या पुस्तकांत आहेत. परंतु १९२० सालीं झुरिक येथील हर्मान स्टाउडिंगर या अध्यापकानें असें प्रतिपादन केलें कीं, रबरासारख्या पदार्थांचा एकेक रेणु म्हणजे साध्या रासायनिक बंधांनीं जोडलेली फारच लांब सांखळी होय. तेव्हां बहुतेक विद्वानांस हें म्हणणें पटलें नाहीं. त्यांच्या मतें रबर म्हणजे लहान रेणूंचा, कांहीं गूढ आकर्षणानें एकत्र राहिलेला, एक ढीग होता. त्यांचा एक आक्षेप असा कीं, क्ष-किरणांनीं अशा पदार्थांची रचना तपासली असतां वारंवार येणारी चौकट लहानशीच दिसते. मग रेणु चौकटीपेक्षां मोठा कसा असेल? परंतु लुगड्याच्या कांठावर एकच बुट्टी पुनःपुन्हां येते. बुट्टी लहान आहे यावरून लुगडें लहान असल्याचें ठरत नाहीं. स्टाउडिंगरनें रबरावर हायड्रोजनची क्रिया करून पाहिली. ढीग एकत्र ठेवणारें आकर्षण रबरांतील दुहेरी बंधांमुळें असतें, तर ते बंध नाहींसे होतांच ढीग मोडून निराळे लहान रेणु हातीं यावयास हवे होते. तसें कांहीं झालें नाहीं. नवा पदार्थहि रबराइतकाच जाडजूड रेणूंचा निघाला. स्टाउडिंगर आपल्या मताला चिकटून राहिला आणि पुढें फ्रायबुर्ग येथें तेंच काम करीत राहिला. १९५३ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्याचें वय ७२ वर्षांचें होतें.

वाद मिटविण्याचा दुसरा मार्ग असा होता कीं, लांब रेणु आपल्या हातानें, एकेक कडी जोडून, करून दाखवावा. हें काम अमेरिकेंत वॅलेस कॅरदर्स यानें अंगावर घेतलें. १९२८ सालीं हार्वर्डची अध्यापकी सोडून तो विल्मिंग्टन येथें ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत आला. त्याची युक्ति समजण्यास सोपी आहे. ज्या रेणूस एकच हात आहे, तो दुसऱ्याचा हात धरील आणि काम तेथेंच संपेल. पण ज्यास दोन हात आहेत, तो दोहों बाजूंनीं दोघांचे हात धरील, ते दोघे आणखी दोघांचे, आणि येणेंप्रमाणें रांग वाढत जाईल. कॅरदर्सनें दोन्ही टोकांस आम्ल असलेला एक रेणु आणि दोन्ही टोकांस अल्कोहोल असलेला दुसरा रेणु घेतला. आम्लाचा हात अल्कोहोलच्या हातांत पडला कीं बंध जुळतो, आणि त्या प्रत्येक जुळणीबरोबर पाण्याचा एक रेणु बाहेर पडतो.

युक्ति साधली, पण सांखळी वाढेना. रेणूचा भार पांच-सहा हजारांपर्यंत गेला कीं तेथेंच खिळून राही, आणि हातीं येणारा पदार्थ ठिसूळ असे. याचें कारण बाहेर पडलेलें पाणी. तें भांड्यांतच घोटाळत राहतें आणि संधि सांपडतांच जुळलेला बंध पुन्हां उकलतें. पाऊल पुढें पडतें तितकेंच मागें येतें. तेव्हां कॅरदर्सनें निर्वात पात्रांत, ऊन पदार्थापासून अगदीं थोड्या अंतरावर थंड पृष्ठभाग ठेवून, पाण्याचा जो रेणु निघेल तो त्या पृष्ठावर गोठून परत येऊं नये, अशी योजना केली. सांखळी दहा हजारांच्या पलीकडे गेली. १९३० च्या एप्रिलमध्यें त्याचा सहकारी ज्युलियन हिल यानें त्या वितळलेल्या पदार्थास कांचेची कांडी लावून वर उचलली, तों तिच्याबरोबर रेशमासारखा धागा निघाला. थंड झाल्यावर तो ओढला तर मूळच्या कित्येक पट लांब झाला, आणि विशेष हें कीं, लांबतांना दुर्बळ न होतां अधिकच बळकट झाला. कारण आंतील गुंतवळ सुटून सांखळ्या एका दिशेनें ओळीनें लागल्या होत्या.

शेवटचें थोडेंसें पाणी काढल्यानें एवढा फरक कां पडावा, याचा हिशोब मनोरंजक आहे, आणि तो घरांतील लहान मुलासहि करतां येईल. एक हजार सुटे मणी घ्या. दोन तुकडे एकमेकांस जोडले कीं एकूण तुकड्यांची संख्या एकानें कमी होते. नऊशें जोड झाले, म्हणजे हजारांतील नऊ दशांश काम उरकलें. तरी शंभर तुकडे शिल्लक आहेत आणि प्रत्येकांत सरासरी मणी अवघे दहा. ९९० जोड झाले, म्हणजे दहा तुकडे आणि सरासरी शंभर मणी. त्यापुढें अवघे पांच जोड अधिक झाले, तर पांच तुकडे उरून सरासरी दोनशेंवर जाते! पहिल्या नऊशें जोडांनीं जें साधलें नाहीं, तें शेवटच्या पांच जोडांनीं साधलें. दोरा बनण्यास शंभराहून अधिक कड्या हव्यात. तेव्हां शेंकडा नव्वद काम करून समाधान मानणाराच्या पदरीं दोरा न पडतां भुगाच पडावयाचा.

आणखी एक अट आहे. दोन प्रकारचे रेणु एकास एक या मापानें असावे लागतात. एक प्रकार शेंकडा पांच अधिक पडला, तर त्याच्या उरलेल्या हातांस धरावयास कोणी मिळत नाहीं, आणि कितीहि काळ खटपट केली तरी सांखळी सरासरी चाळीस कड्यांच्या आसपास थांबते. शेंकडा एकच अधिक असला, तरी मजल दोनशेंच्या पुढें जात नाहीं. शिवाय कित्येक ठिकाणीं सांखळीचीं दोन टोकें एकमेकांसच भेटतात, वर्तुळ पुरें होतें आणि वाढ खुंटते. लांब सांखळी तयार होणें ही अशी अनेक विघ्नें टळल्यावरची गोष्ट आहे.

हिलच्या त्या पहिल्या धाग्यांत दोष होता. तो थोड्या उष्णतेनें वितळे आणि पाण्यानें बिघडे. अशा कापडास ना धुणें सोसलें असतें, ना इस्त्री. म्हणून अल्कोहोलच्या जागीं अमाइन घेण्यांत आलें. २८ फेब्रुवारी १९३५ रोजीं, सहा कार्बनचें आम्ल आणि सहा कार्बनचें अमाइन यांपासून, पुढें नायलॉन ६६ या नांवानें प्रसिद्ध झालेला पदार्थ प्रथम तयार झाला. येथें मापाची अडचण निसर्गतःच सुटते. आम्ल आणि अमाइन एकत्र आले कीं त्यांचा क्षार बनतो, आणि त्याच्या शुद्ध स्फटिकांत दोहोंचें प्रमाण बरोबर एकास एक असतें. तो क्षार तापविला कीं पाणी निघून सांखळी होते. उलट, सांखळी फारच वाढली तर वितळलेला पदार्थ इतका घट्ट होतो कीं त्याचा दोरा काढतां येत नाहीं. म्हणून कारखानदार हेतुपुरस्सर ॲसेटिक आम्लासारखा एकहाती रेणु चिमूटभर मिसळतात आणि लांबीस मर्यादा घालतात.

नायलॉनचे मोजे १५ मे १९४० रोजीं अमेरिकेंतील दुकानांत आले, आणि ते घेण्यासाठीं स्त्रियांची झुंबड उडाली. तें पाहण्यास कॅरदर्स नव्हता. अनेक वर्षें खिन्नतेच्या व्याधीनें तो पोखरला गेला होता. आपल्या हातून कांहींच झालें नाहीं, आपली प्रतिभा आटली, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. २९ एप्रिल १९३७ रोजीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, त्यानें विष घेऊन आपलें आयुष्य संपविलें. ज्या गृहस्थानें जगाला एवढा बळकट धागा दिला, त्याच्या स्वतःच्या मनाला आधाराचा एकहि धागा सांपडूं नये, हें वाचून आमच्या भाचीचे डोळे पाणावले. आमच्याहि मनाला तें लागल्यावांचून राहिलें नाहीं.

आतां पिशवीकडे वळूं. तिची घडण निराळ्या रीतीनें होते. तिचा एकवारिक म्हणजे एथिलीन हा वायु. आढींतला आंबा पिकतांना जो वायु सोडतो आणि ज्याच्या योगानें शेजारचे आंबेहि पिकूं लागतात, तोच हा. त्याच्या रेणूंत दोन कार्बन दुहेरी बंधानें जखडलेले असतात. त्या दुहेरी बंधांतील एक पदर कोणीं तरी उकलला, तर तो मोकळा झालेला हात शेजारच्या रेणूचा बंध उकलून त्यास पकडतो, तो पुढच्यास पकडतो, आणि डोळ्याचें पातें लवण्याइतक्या अल्प अवकाशांत हजारों कड्या जोडल्या जातात. दोन वाढतीं टोकें एकमेकांस भेटलीं, म्हणजे खेळ संपतो. नायलॉनच्या रीतींत प्रथम सर्वत्र लहान तुकडे होतात आणि लांब सांखळी अगदीं शेवटीं येते. येथें मात्र आरंभापासूनच कांहीं सांखळ्या पूर्ण लांब आणि बाकीचा वायु अजून सुटाच, असा प्रकार असतो. बंध उकलणारा जो प्रारंभक घालावयाचा, तो अधिक पडला तर सांखळ्या आखूड होतात. लोकर ठराविक असतां दहाजणींनीं विणावयास घेतलें तर प्रत्येकीचा गळपट्टा मोठा होईल. शंभरजणींनीं घेतलें तर प्रत्येकीच्या सुयांवर चार बोटेंच विणून होईल, तसेंच हें.

ही रीत सांपडली तीहि अपघातानें. १९३३ च्या मार्चमध्यें इंग्लंडांतील विनिंग्टन येथें, इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत, एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे प्रचंड दाबाखालीं एथिलीनचा दुसऱ्या एका पदार्थाशीं संयोग घडवूं पाहत होते. संयोग झाला नाहीं. पात्रांत मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र सांपडला. तोच प्रयोग पुन्हां केला तर कधीं कांहींच होईना, तर कधीं स्फोट होई. १९३५ च्या अखेरीस तो साधला, आणि मागाहून उमगलें कीं, प्रारंभकाचें काम एथिलीनमध्यें अजाणतां शिरलेल्या प्राणवायूच्या लेशानें केलें होतें. लेश कमी पडला तर सांखळी सुरूच होत नव्हती, अधिक झाला तर पात्र फुटत होतें.

सांखळी आखूड कां राहिली, याचा शोध घेतांघेतां लांब सांखळीची गुरुकिल्ली हातीं यावी, असाहि एक प्रसंग घडलेला आहे. जर्मनींत म्यूलहाइम येथें कार्ल त्सीग्लर ॲल्युमिनियमच्या एका संयुगावर एथिलीनच्या कड्या एकामागून एक चढवीत होता. १९५३ सालीं एका प्रयोगांत सांखळी दोन एथिलीन जुळतांच तुटूं लागली. पुढें ती सरकेचना. दुसरा एखादा प्रयोग फसला म्हणून पुढें गेला असता. त्सीग्लर आणि त्याचे विद्यार्थी मात्र त्या फसण्याच्या मागें लागले, आणि पोलादी पात्रांत उरलेला निकेल धातूचा अत्यल्प अंश हा त्याचा कर्ता ठरला. मग विचार आला कीं, एक धातु सांखळी आखूड करीत असेल, तर दुसरी एखादी ती लांब कां करणार नाहीं? एकामागून एक धातु तपासतां झिर्कोनियम आणि टायटेनियम यांनीं तें काम केलें. आणि हजारपट दाबाऐवजीं साध्या दाबाखालीं, अधिक सरळ व बळकट सांखळ्या तयार होऊं लागल्या. १९६३ सालचें नोबेल पारितोषिक त्सीग्लर व इटलींतील जूलिओ नात्ता यांस मिळालें, तें याच विषयांतील कार्याबद्दल.

माणसानें ही विद्या शंभर वर्षांत संपादिली; सृष्टीनें ती केव्हांच हस्तगत केलेली आहे. आपल्या ताटांतील भात आणि आपल्या अंगावरील सुती धोतर हीं दोन्ही ग्लुकोज या एकाच कडीपासून बनलेलीं आहेत. कडी कडीला कोणत्या बाजूनें जोडली, एवढाच काय तो भेद. पण तेवढ्यानें एक आपलें अन्न होतें आणि दुसरें आपल्या पोटांत पचत नाहीं. पोळीचा घास सावकाश चावीत राहिलें तर तो गोड लागूं लागतो, हा अनुभव सर्वांस आहे. लाळेंतील विकर पिष्टाची लांब सांखळी कापून तिचे आखूड गोड तुकडे करीत असतें, म्हणून तसें होतें. कापसाचे धागे आपण पचवूं शकत नसलों, तरी गाईच्या पोटांतील सूक्ष्म जीव गवतांतील तसलेच धागे तोडून दाखवितात. सृष्टीनें जी सांखळी गुंफली, ती कापण्याची कात्रीहि तिनें कोठें ना कोठें ठेविली आहे.

आपण सांखळ्या गुंफावयास शिकलों, पण कात्रीचा विचार मागाहून सुचला. जी सांखळी पाणी बाहेर पडून जुळते, ती पाण्यानें उकलण्याची निदान शक्यता तरी असते. पाण्याच्या बाटल्या ज्या पदार्थाच्या करतात, तो पॉलिएस्टर याच जातीचा. आणि २०१६ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं साकाई येथें सांपडलेल्या एका जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें, तो हा पदार्थ तोडून त्यावर जगतो. पिशवीची गोष्ट अवघड आहे. तिच्या कणा म्हणून असलेल्या कार्बनच्या अखंड ओळींत पाण्यास शिरावयास फट नाहीं. उन्हानें आणि घासण्यानें पिशवीचे तुकडे होतात, तुकड्यांचें पीठ होतें. पण त्या पिठाच्या कणांतहि लांब सांखळ्या तशाच पडून असतात, आणि सूक्ष्म जीवांच्या तोंडीं लागण्याइतक्या आखूड होण्यास त्यांस फार फार काळ लागतो. २३ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्र शासनानें प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, ती याच सांखळ्या नाल्यांत, समुद्रांत आणि गुरांच्या पोटांत सांचूं लागल्यामुळें.

आमच्या मतें दोष लांबीचा नाहीं. विजेच्या तारेवरचें वेष्टन, शस्त्रक्रियेंत टाके घालावयाचा दोरा, पाण्याचे नळ, यांत हीच लांबी आपल्या उपयोगी पडते, आणि तेथें ती वर्षानुवर्षें टिकावी हेंच इष्ट आहे. जिचा एकेक रेणु घडविण्यासाठीं दोन पिढ्यांच्या विद्वानांनीं आपली बुद्धि वेंचली, ती वस्तु मंडईपासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांसाठीं घ्यावी आणि अंगणाबाहेर भिरकावून द्यावी, हा अविचार मात्र आपला आहे.

असो. भाचीनें मेणबत्तीचे दोन तुकडे एका पत्र्याच्या डबींत ठेविले. पिशवी तिनें धुतली, दोरीवर वाळविली, आणि घडी करून पुन्हां त्याच खणांत ठेवून दिली. "ही काय आपल्या आधीं जायची नाहीं, मामा," ती म्हणाली, "तेव्हां वापरून तरी घेऊं."